बाळंतिणीची बुडीत मजुरी

कुपोषित मुलाला दवाखान्यात भरती करावं लागेल असं अंगणवाडीताई सांगते, तेव्हा आईचा पहिला प्रश्न बहुधा औषधाबद्दल नसतो. किती दिवस राहावं लागेल, हे तिला आधी विचारायचं असतं. घरी आणखी दोन लेकरं आहेत, शेळ्या आहेत, शेतात कापणी चालू आहे आणि दवाखान्यातल्या प्रत्येक दिवसाची मजुरी जाणार आहे. सरकारला हे उमगलंच नाही असं म्हणता येणार नाही. आदिवासी भागासाठीच्या नवसंजीवनी योजनेत अशा पालकाला बुडीत मजुरी देण्याची सोय आहे. रक्कम तुटपुंजी, हातात केव्हा पडेल याचा भरवसा नाही. पण गरीब बाईला कामावरून थांबवायचं तर तिच्या थांबण्याचे पैसे कुणीतरी मोजले पाहिजेत, हे तत्त्व सरकारनं त्यात मान्य केलं आहे.

हेच तत्त्व बाळंतपणाला लावायचं मात्र आपण टाळत आलो. गेल्या वीस वर्षांत महाराष्ट्रानं बाळंतपणाचा दिवस सांभाळायला घेतला आणि त्यात मोठं यश मिळवलं. त्याआधीचे महिने आणि नंतरचं वर्ष गरीब आईनं आपल्या हिमतीवर काढावं, अशीच रीत राहिली. तिला गोळ्या मिळतात, कार्ड मिळतं, सल्ला तर उदंड मिळतो. सवड मिळत नाही. राज्यात या प्रश्नावर आजवर काय काय झालं ते पाहिलं, तर जे टिकलं आणि जे फसलं त्या दोन्हींच्या मुळाशी हीच गोष्ट पुन्हा पुन्हा सापडते.

आधी यशाबद्दल, कारण ते खरं आहे. नमुना नोंदणी पाहणीनुसार २००४-०६ या काळात महाराष्ट्रात दर एक लाख जिवंत जन्मांमागे १३० माता दगावत होत्या. २०१८-२० मध्ये हा आकडा ३३ वर आला. देशाचा तेव्हा ९७ होता आणि मोठ्या राज्यांत केरळ वगळता महाराष्ट्राच्या पुढे कुणी नव्हतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, राज्यातली ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसली. यामागे बरंच काही आहे. २००५ साली जननी सुरक्षा योजना आली आणि गावोगाव आशा नेमल्या गेल्या. २०११ पासून सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त, जेवण आणि ने-आण कागदावर तरी मोफत झालं. २०१४ पासून १०८ची गाडी फिरू लागली. आशेनं रात्री दोन वाजता फोन उचलला, गाडी बोलावली आणि स्वतः बाईबरोबर बसून गेली, असं हजारो वेळा झालं तेव्हा तो १३० चा आकडा ३३ वर आला.

कुटुंब आरोग्य पाहणीचीच दुसरी पानं उलटली की चित्र बदलतं. पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांमध्ये रक्तक्षय चौथ्या फेरीत ४८ टक्के होता, तो पाचव्या फेरीत ५४.२ टक्क्यांवर गेला. गरोदर बायकांमध्ये तो ४५.७ टक्के. वयाच्या मानानं उंची खुरटलेल्या पाच वर्षांखालच्या मुलांचं प्रमाण २००५-०६ मध्ये ४६.३ टक्के होतं, दहा वर्षांत ते ३४.४ पर्यंत उतरलं आणि मग तिथेच अडलं. पाचव्या फेरीत ते ३५.२ आहे. उंचीच्या मानानं वजन कमी असलेली मुलं दोन्ही फेऱ्यांत तेवढीच, २५.६ टक्के. आईचा जीव वाचवायला आपण शिकलो, पण दवाखान्यातून घरी परतलेल्या आईच्या आणि बाळाच्या अंगावर मूठभर मांस चढवणं जमलेलं नाही.

शिवाय ही सगळी सरासरी. माता मृत्यूचा जो आकडा दर काही वर्षांनी जाहीर होतो, तो राज्यापुरता असतो. भामरागडची माडिया बाई, गोवंडीची मुसलमान बाई आणि कोथरूडची बाई त्यात एकत्र मोजली जाते. डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालच्या आदिवासी आरोग्यविषयक तज्ज्ञ समितीनं २०१८ मध्ये देशापुरती ही फोड करून दाखवली. पाच वर्षांच्या आत दगावणारी मुलं आदिवासींमध्ये हजारी ५७.२ होती, अनुसूचित जाती-जमाती आणि इतर मागासवर्ग वगळून उरलेल्यांत ३८.५. असा हिशेब तालुका आणि समाज पाहून दरवर्षी मांडला गेला असता, तर मेळघाटातल्या बालमृत्यूंसाठी उच्च न्यायालयाचे दरवाजे पुन्हा पुन्हा ठोठावावे लागले नसते असं मला वाटतं.

बाळंतपणाच्या सुट्टीचा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. किंबहुना देशात तो पहिल्यांदा कायद्यात आला तो इथेच. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात गिरणी कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, त्याचा भार मुख्यतः सरकारनं उचलला पाहिजे आणि ज्याला तिच्या श्रमाचा फायदा होतो त्या मालकानंही वाटा दिला पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९२९ साली कायदा झाला. त्याच्या तीनच वर्षं आधी परळला गिरणगावातल्या बायकांसाठी वाडिया प्रसूतिगृह उभं राहिलं होतं. गिरणीच्या भोंग्यावर चालणाऱ्या त्या बाईला हक्काचे पैसे आणि हक्काचा पलंग, दोन्ही पाच वर्षांच्या आत मिळाले. पुढे घटनेच्या ४२ व्या अनुच्छेदात प्रसूती साहाय्य आलं, १९६१ मध्ये देशभराचा कायदा आला आणि २०१७ च्या दुरुस्तीनं पगारी रजा २६ आठवड्यांची झाली.

ती रजा मिळते कुणाला? जिचं नाव हजेरीपटावर आहे तिला. शेतमजूर, धुणंभांडी करणारी, वीटभट्टीवरची, बांधकामावर घमेली वाहणारी, घरी बसून विड्या वळणारी किंवा मालेगाव-भिवंडीत यंत्रमागाची कामं घरात करणारी बाई त्या कायद्याच्या बाहेर राहते. तिच्यासाठी २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात किमान ६,००० रुपये लिहिले गेले. चार वर्षांनी प्रधानमंत्री मातृवंदना योजना आली, ती ५,००० रुपयांची आणि पहिल्या अपत्यापुरती. पुढे दुसऱ्या खेपेला मुलगी झाली तर ६,००० ची भर पडली. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. त्या दरानं पाच हजारांत सतरा दिवसांचीही मजुरी पुरी होत नाही. कचेरीतल्या बाईला १८२ दिवस, शेतातल्या बाईला सतरा. तमिळनाडूनं मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या नावाच्या योजनेत रोख आणि आहार मिळून १८,००० रुपये दिले. महाराष्ट्राला ते परवडत नाही असं कुणी म्हणू नये.

पहिल्या अपत्याची अट तर मला समजतच नाही. तिसऱ्या-चौथ्या खेपेची बाई सर्वांत अशक्त, तिच्याच रक्तात हिमोग्लोबिन सर्वांत कमी, आणि बाळंतपणात अतिरक्तस्राव होण्याचा धोकाही तिलाच जास्त. नेमकी तिलाच ही योजना वगळते. लोकसंख्येचा धाक आईच्या पोटावर दाखवायचा, हे कुठल्याही हिशेबात बसत नाही.

कागदांचा जाच वेगळाच. आधार कार्डावर माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं, बँकेत तिसरंच. कधी आधारला जोडलेला मोबाइल नवऱ्याकडे असतो आणि नवरा सुरतेला. पारधी, वैदू, मसणजोगी अशा पालावर राहणाऱ्या कुटुंबांत तर कुठलाच पत्ता टिकत नाही. आता अंगणवाडीतून घरी न्यायच्या पोषण आहारासाठीही जुलै २०२५ पासून मोबाइलवर चेहऱ्याची ओळख पटवणं सक्तीचं झालं आहे. चोरी थांबावी हा हेतू चांगला. पण ज्या पाड्यावर नेटवर्कसाठी टेकडीवर चढावं लागतं, तिथे आठव्या महिन्यातल्या बाईनं पाकिटासाठी कितीदा फेरी मारायची?

अन्नाची एक योजना मात्र मनापासून वाखाणावी अशी आहे. आदिवासी भागात २०१५ पासून चालणाऱ्या अमृत आहार योजनेत गरोदर बाईला शेवटच्या तीन महिन्यांत आणि बाळंतिणीला पहिले सहा महिने अंगणवाडीत एक वेळचं चौरस, गरम जेवण मिळतं. भाकरी किंवा पोळी, भात, डाळ, पालेभाजी, गूळ-शेंगदाण्याचा लाडू आणि अंडं किंवा केळं. शिध्याचं पाकीट घरी गेलं की ते सगळ्यांत वाटलं जातं, आणि घरातल्या सुनेच्या वाट्याला काय येतं ते आपल्याला ठाऊक आहे. समोर बसून जेवलेलं अन्न तिच्याच पोटात जातं. शिवाय त्या तासाभरात चार बायका एकत्र बसतात, एकीचे सुजलेले पाय दुसरीच्या नजरेला पडतात, सेविका वेळीच नर्सबाईला कळवते. दरडोई दर वर्षानुवर्षं महागाईच्या मागे राहिल्यानं लाडू लहान होतो, अंडं गायब होतं. तरीही ही योजना शहरी वस्त्यांत का नेली नाही, हे विचारायला हवं. सुखवस्तू मुंबईपेक्षा गोवंडीतल्या शिवाजीनगर-बैंगनवाडीची मुंबई आहारात नंदुरबारला जवळची आहे.

बाईच्या दारापर्यंत जाणारी बाई हा या सगळ्या इतिहासातला सर्वांत टिकाऊ शोध, आणि तो महाराष्ट्राचा आहे हे अभिमानानं सांगता येईल. रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य १९७० साली तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या जामखेडला आलं. शिकलेल्या नर्सेस खेड्यात टिकेनात, तेव्हा त्यांनी गावातल्याच बायका निवडल्या. त्यांतल्या कित्येक दलित, कित्येक निरक्षर, काही टाकलेल्या. ज्या बाईच्या हातचं पाणी गाव पीत नव्हतं तिच्याच हातून गावाच्या लेकीसुना बाळंत होऊ लागल्या. तिथला अर्भकमृत्यूदर १९७१ मध्ये हजारी १७६ होता, दोन दशकांत तो विशीच्या आसपास आला. औषधं तर त्यात होतीच, पण जातीच्या उतरंडीला हात घातल्याशिवाय आईचं आरोग्य सुधारत नाही, हे आरोळ्यांनी फार लवकर ओळखलं होतं.

गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी त्याच वाटेनं पुढचा टप्पा गाठला. राणीताईंनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली, ती १९८९ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. ९२ टक्के बायकांना एक ना एक स्त्रीरोग होता आणि आधी कधी तपासणी झालेल्या केवळ ८ टक्के होत्या. बाई गरोदर असेल तरच तिच्याकडे लक्ष द्यायचं, या जगभरच्या सरकारी सवयीला त्या अभ्यासानं हादरा दिला. त्यानंतर आलं घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याचं काम. ३९ गावांत शिकवून तयार केलेल्या आरोग्यदूत बायका बाळ जन्मताच घरी पोचू लागल्या आणि तिसऱ्या वर्षी नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले.

ती भेट कशी होते ते पाहण्यासारखं आहे. आरोग्यदूत अंधाऱ्या खोलीत शिरण्याआधी साबणानं कोपरापर्यंत हात धुते आणि पुसत नाही, हवेवर वाळू देते. बाळाला कापडी झोळीत घालून काटा वर धरते, आकडा आईला आणि आजीला वाचून दाखवते. मग काखेत थर्मामीटर. मग बाळाच्या उघड्या पोटाकडे बघत पूर्ण मिनिटभर श्वास मोजते. साठाच्या वर गेले तर पुन्हा एकदा मोजते. आईला पाजायला सांगते आणि ओठ नीट मिटताहेत का ते वाकून पाहते. गुंडाळायचं कसं ते करून दाखवते. या सगळ्यात आजीशी एकदाही वाद घालत नाही, तिला काटा धरायला लावते. मेळघाटात पोट फुगलेल्या बाळाला तापल्या सळईचे चटके देण्याची, ‘डंबा’ देण्याची चाल आहे. ती भाषणांनी कमी होत नाही. ज्या घरी पोट फुगण्याआधीच कुणी येऊन बसतं, त्या घरात डंब्याची पाळी कमी येते.

२०११ मध्ये ही पद्धत देशानं उचलली. आता आशा दवाखान्यात झालेल्या बाळंतपणानंतर सहा वेळा घरी जाते. या सहा भेटींचे तिला २५० रुपये मिळतात, एका भेटीचे चाळीस-बेचाळीस. महाराष्ट्रात सुमारे ७० हजार आशा आहेत. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देशभरातल्या आशांचा सन्मान केला. पुढच्याच वर्षी इथल्या आशांना मानधनासाठी संपावर जावं लागलं, आणि २०२४ च्या मार्चमध्ये ५,००० रुपयांच्या वाढीचा निर्णय झाला. आशा आणि अंगणवाडी सेविका या स्वतःच कमी मिळकतीच्या आया आहेत. गरीब आईला आधार देणारी आपली सगळी यंत्रणा दुसऱ्या गरीब आईच्या स्वस्त श्रमावर उभी आहे.

जे एका ठिकाणी चालतं ते दुसरीकडे चालेलच असं नाही, याचाही पुरावा आपल्याकडे आहे. झारखंड-ओडिशात ‘एकजूट’ संस्थेनं खेड्यांत बायकांच्या मासिक बैठका सुरू केल्या. चित्रांची कार्डं, गोष्टी, मग आपल्या गावाची अडचण कोणती ते ठरवणं. तीन वर्षांत नवजात मृत्यू ३२ टक्क्यांनी कमी झाल्याचं २०१० मध्ये प्रसिद्ध झालं. मुंबईच्या वस्त्यांत ‘स्नेहा’नं तसाच प्रयोग केला. शीवच्या रुग्णालयात १९८९ साली आशियातली पहिली मातृदुग्धपेढी उभारणाऱ्या डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांची ही संस्था. निकाल २०१२ मध्ये आला: नवजात मृत्यू कमी झाले नाहीत. संस्थेनं तो प्रामाणिकपणे छापला, ही मोठी गोष्ट. माझ्या मते फरक जागेचा आहे. झारखंडच्या गावात बाळंतपण घरी होत होतं, म्हणून घरातल्या बायका बदलल्या की बाळ वाचत होतं. मुंबईत बहुतेक बायका आधीच दवाखान्यात पोचत होत्या. तिथे अडचण होती ती एका दवाखान्यातून दुसऱ्यात पाठवणीची, खाटेची, आणि दारावर मिळणाऱ्या वागणुकीची.

ही वागणूक हा वेगळा लेख लिहावा इतका मोठा विषय आहे. प्रसूतिकक्षात बाई एकटी असते, वेदनेत असते, अंगावर धड कपडे नसतात. अशा वेळी ऐकलेला एक टोमणा ती जन्मभर विसरत नाही आणि पुढच्या खेपेला वस्तीतल्या दहाजणींना सांगते. मुंबईच्या ‘सेहत’ या संशोधन संस्थेनं दहाएक वर्षांपूर्वी मुस्लिम आणि इतर बायकांशी बोलून दवाखान्यांतल्या भेदभावाचा अभ्यास केला. बुरख्यावरून, मुलांच्या संख्येवरून ऐकावी लागणारी बोलणी त्यात नोंदली आहेत. कोरकू किंवा पावरी बोलणाऱ्या बाईला मराठीतून दरडावलं जातं, तेही तेच. ‘हे लोक दवाखान्यात येतच नाहीत’ अशी तक्रार मग सर्रास केली जाते. २०२२ च्या हिवाळ्यात गोवरानं गोवंडी, भिवंडी, मालेगावात मुलं दगावू लागली, तेव्हा पालिकेला मशिदींतून आणि मौलवींमार्फत आवाहनं करावी लागली. त्यांनी मदत केलीही. पण एरवीच्या दिवसांत नर्सबाई आणि ती आई यांच्यात विश्वास असता, तर साथ पसरल्यावर मध्यस्थ शोधावा लागला नसता.

उपाय माहीत नाहीत असं नाही. बाळंतपणाच्या वेळी घरची एक बाई सोबत असू द्यावी, असं केंद्राचं २०१६ चं धोरण सांगतं. पुढच्या वर्षी ‘लक्ष्य’ नावाचा प्रसूतिकक्ष सुधारण्याचा कार्यक्रम आला. सोबत बसायला जागाच नसलेल्या वॉर्डात ही धोरणं अडकतात. दुर्गम भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांजवळ ‘माहेरघरं’ आहेत. तिथे गरोदर बाईनं तारखेच्या आधी चार-पाच दिवस येऊन राहायचं, बरोबर एक नातलग. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की झोळी करून बाईला नेण्याची वेळ येते, त्यावर हा सर्वांत शहाणपणाचा तोडगा. जिथे स्वयंपाकाची नीट सोय आहे, सोबतच्या माणसाच्या मजुरीची भरपाई हातात पडते आणि घरच्या लेकरांना बरोबर आणू देतात, तिथे माहेरघरात बायका राहतात. जिथे यांतलं काही नाही तिथे खाटा रिकाम्या दिसतात आणि मग बायकांना दोष दिला जातो.

मारहाणीबद्दल बोलल्याशिवाय तर हा आढावा पुरा होणार नाही. गरोदरपणात नवऱ्याचा मार खाणारी बाई तपासणीला येते ती पोटात दुखतंय म्हणून. २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात पालिका आणि ‘सेहत’ यांनी मिळून ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं. केसपेपर काढणाऱ्या रुग्णालयातच समुपदेशक बसवल्यानं बाईला ‘दवाखान्यात जाऊन येते’ एवढंच घरी सांगून मदत मिळू लागली. नंतर ही केंद्रं इतर रुग्णालयांतही गेली. बाळंतिणीच्या मनाकडे नीट पाहिलं गेलं ते गोव्यात. ‘संगत’शी संबंधित संशोधकांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांमध्ये नैराश्य आढळलं. गरिबी, नवऱ्याची मारहाण आणि मुलगी झाल्याची बोलणी, ही त्यामागची ठळक कारणं. पुढे तिथेच गावातल्या साध्यासुध्या अनुभवी आयांना ‘सखी’ म्हणून शिकवलं गेलं. त्या घरी जायच्या, बाळाशी खेळायच्या, आईचं ऐकून घ्यायच्या. सहा महिन्यांनी नैराश्यातून बाहेर पडलेल्या आयांचं प्रमाण या गटात जास्त निघालं. आपल्या आशेच्या सहा भेटींत ‘झोप लागते का, रडू येतं का’ हे दोन प्रश्न घालायला फारसा खर्च येणार नाही.

मूल वाढवण्याच्या मदतीबद्दल बोलताना पुन्हा महाराष्ट्राकडेच यावं लागतं. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्या आणि अनुताई वाघ शाळा घेऊन मुलांच्या अंगणात गेल्या, आणि गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावर गेल्या. आज देशभर चालणाऱ्या अंगणवाडीचं नाव आणि कल्पना तिथली. ‘आरंभ’ कार्यक्रमात अंगणवाडीत भरणारे पालक मेळावे त्याच परंपरेतले आहेत. झाकणांचे खुळखुळे, चिंध्यांचे चेंडू, बाळाशी बोलायचं कसं, बाबांनी काय करायचं, हे सगळं सेविका खेळातून दाखवते. हे काम फार चांगलं आहे. पण मेळाव्याला येणारी आई कोण? जी त्या दिवशी कामावर गेली नाही ती. सकाळी सहाला निघून संध्याकाळी सातला परतणारीचं बाळ आठ वर्षांच्या ताईच्या कडेवर असतं. त्या आईला मेळाव्याआधी पाळणाघर हवं. बांधकामावरच्या बायकांच्या मुलांसाठी मुंबई आणि पुण्यात ‘मोबाइल क्रेशेस’नं ते अनेक वर्षं चालवून दाखवलं आहे: साइटवरच एक खोली, स्वच्छ पाणी, तीनदा खाणं, आणि दूध पाजायला आईला दुपारी येऊ देणं.

आता उसाच्या फडाकडे. बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी या भागांतून दिवाळीच्या सुमाराला लाखो माणसं ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल नवऱ्याच्या नावावर, हिशेब मुकादमाच्या वहीत, आणि २०२४ च्या जानेवारीत झालेल्या करारानंतर टनाला ३६६ रुपये, तेही दोघांत मिळून. बाई पहाटे तीनला उठते, कोपीत चूल पेटवते, अंधारातच फडावर पोचते. तो तोडतो, ती पाचट काढून मोळी बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढते. पाळी असली तरी, सहावा महिना असला तरी. एक दिवस थांबली तर खाडा आणि त्याचा दंड. फडाजवळ संडास नाही, आडोसा नाही. अंगणवाडी आणि आशा गावाकडे राहिल्या. नोंदणीही तिकडेच. राज्यानं स्थलांतरितांचा माग ठेवणारी एक संगणक प्रणाली काही जिल्ह्यांत सुरू केली, ती चांगली सुरुवात आहे. पण तळावर बाळंत झालेली बाई आठ-दहा दिवसांत पुन्हा मोळी उचलू लागते, कारण उचल फेडायची असते.

याचा शेवट कुठे होतो ते २०१९ मध्ये जगासमोर आलं. नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे बीड जिल्ह्याची जी पाहणी आली, तीत ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती, जवळजवळ सहातली एक. राज्याची सरासरी त्या सुमारास तीन टक्क्यांच्या आत होती. डॉक्टरांच्या लोभाची चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण त्या बायका तिशीतच पिशवी काढायला तयार का झाल्या? अंगावरून जाणं, कंबरदुखी, जंतुसंसर्ग, कर्करोगाची भीती आणि दर महिन्याचे खाडे. बाळंतपणानंतर दोन महिने विश्रांती आणि एक साधी तपासणी मिळाली असती तर यांतल्या कित्येकींना शस्त्रक्रियेची गरजच पडली नसती. गडचिरोलीच्या ९२ टक्क्यांचा अर्थ तीस वर्षांनी बीडमध्ये असा वाचायला मिळाला.

कारखाना म्हणतो, ही माणसं आमची नव्हेत, मुकादमाची. मुकादम म्हणतो, मी मधला माणूस. १९२८ च्या विधिमंडळातला प्रश्न आजही तोच आहे: या बाईच्या श्रमाचा फायदा कुणाला होतो? फरक एवढाच की आता पैशाची सोय झालेली आहे. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं कल्याणकारी महामंडळ आहे. गाळलेल्या उसामागे टनाला १० रुपये कारखान्यांनी आणि तेवढेच सरकारनं द्यायचे असं ठरलं आहे. चांगल्या हंगामात राज्यात दहा कोटी टनांहून जास्त ऊस गाळला जातो, म्हणजे दोन्ही मिळून २०० कोटी रुपये. बाळंतिणीला २९७ रुपयांच्या दरानं नव्वद दिवसांची मजुरी दिली तर एकीला २६,७३० रुपये लागतात. २०० कोटींत असे सुमारे ७५ हजार हिस्से निघतात. ऊसतोडीच्या बायकांत वर्षाला तेवढी बाळंतपणं होत असतील असं वाटत नाही. उरलेल्या पैशात तळातळावर एक खोपटं, पाण्याची टाकी, दोन वेळचं खाणं आणि मुलं सांभाळायला त्याच तळावरची एक बाई पगारावर ठेवता येईल. पैसे मात्र बाईच्या खात्यात जायला हवेत, आणि तोडीला निघण्याआधी.